आजारी नसलेलं मूल डॉक्टरकडे कशाला न्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. तिचे दीड वर्षाच्या सुमाराचे डोस राहून गेले. आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल का, आणि एका दिवशी तीन-तीन सुया टोचलेल्या चालतात का? मुलगा १२ वर्षांचा, धडधाकट. त्याला दरवर्षी तपासायला नेण्यात काय अर्थ आहे? शिवाय ‘पूर्वी कुठे होत्या एवढ्या लसी’ हा सासूबाईंचा सवालही तुम्ही प्रामाणिकपणे जोडला आहे.

मुलीचं आधी सांगतो, ते सोपं आहे. पहिल्यापासून काहीही करायचं नाही. जिथे थांबलात तिथून पुढे. आधीच्या डोसांनी शरीरात ज्या स्मृतिपेशी तयार झालेल्या असतात, त्या उशीर झाला म्हणून रुसून निघून जात नाहीत. दोन वर्षांनी डोस मिळाला तरी ओळख पटते आणि प्रतिकारशक्ती झटकन वर येते. उलट गडबड होते ती घाई केल्याने. दोन डोसांमधलं किमान अंतर पाळलं नाही तर दुसरा डोस बाद धरावा लागतो. गोवरासारख्या जिवंत विषाणूच्या दोन वेगवेगळ्या लसी टोचायच्या असतील तर त्या एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये किमान ४ आठवडे जाऊ द्यावेत. गोवराची लस जन्मल्या जन्मल्या का देत नाहीत, हेही पालक विचारतात. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं पहिले काही महिने बाळाच्या रक्तात असतात आणि लसीतल्या दुबळ्या विषाणूला ती वाढूच देत नाहीत. मग लस टोचूनही न टोचल्यासारखी. म्हणून ९ किंवा १२ महिन्यांपर्यंत थांबायचं. वेळापत्रक देशागणिक थोडंफार बदलतं, पण त्यामागचं गणित हेच.

उलट टोकाला हिपॅटायटिस बीची, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारावरची लस. ती जन्मापासून २४ तासांच्या आत द्यायची, कारण जन्मताना ही लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये ती कायमची घर करते. मोठ्या माणसात हेच प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी असतं. म्हणजे ‘एवढुशा जिवाला पहिल्याच दिवशी सुई कशाला’ याचं उत्तर त्या एवढुशेपणातच आहे.

तुमच्या मुलीला आता गोवर-गालगुंड-रुबेलाचा राहिलेला डोस, घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचा बूस्टर आणि पोलिओ, असं एकाच भेटीत देता येईल. बाकी काय राहिलंय ते कार्ड बघून ठरेल. काही लसींची वेळ मात्र निघून गेलेली असते. जुलाबांवरची रोटाव्हायरसची लस तान्हेपणीची, आता तिची गरज नाही. एक चाणाक्ष बाबा मला म्हणाले होते, ‘चार वर्षं पूर्ण झाल्यावर हा बूस्टर दिला तर पुढचा एक वाचतो म्हणतात, मग थांबूया का सहा महिने?’ हिशेब बरोबर होता. काही वेळापत्रकांत तशी तरतूद आहे. पण ते सहा महिने डांग्या खोकला थांबणार आहे का? हा असा हिशेब मी करत नाही. आज बूस्टर द्यावा आणि पुढचा किमान ६ महिने सोडून.

तीन सुयांबद्दल. भीती सुईची असेल तर ती खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. मूल आईच्या मांडीवर, छातीला टेकून बसलेलं, तान्हं असेल तर अंगावर पीत असलेलं. आणि सर्वांत जास्त झोंबणारी लस शेवटी. एवढ्यानेही खूप फरक पडतो. ‘काही नाही दुखणार’ असं मात्र कुणी म्हणू नये. दुखतं. पुढच्या वेळी मूल तुमच्यावर विश्वास ठेवत नाही ते या वाक्यामुळे. पण भीती ‘शरीराला एवढं झेपेल का’ ही असेल, तर एक आकडा ऐका. डांग्या खोकल्याच्या जुन्या पद्धतीच्या लसीत सुमारे ३००० वेगवेगळी प्रथिनं असतात, नव्या पद्धतीच्या लसीत २ ते ५. मूल रांगायला लागून जमिनीवरचं काहीतरी तोंडात घालतं तेव्हा त्याच्या प्रतिकारशक्तीपुढे याहून मोठी गर्दी येते.

सर्दी आहे, नाक वाहतंय, जुलाब नुकतेच थांबलेत, दात येतायत, अँटिबायोटिक चालू आहे. यातलं कोणतंही कारण लस पुढे ढकलायला पुरत नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असली तरी गोवर-गालगुंड-रुबेलाची लस देता येते. थांबायचं ते मूल तापाने फणफणलेलं असेल तर, त्याच लसीच्या आधीच्या डोसाला तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर जिवंत विषाणूच्या लसींसाठी. तीव्र अ‍ॅलर्जीचं प्रमाण दहा लाख डोसांमागे साधारण एक इतकं आहे. ती झालीच तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत होते. म्हणून टोचून झाल्यावर ‘जरा बसा बाहेर’ म्हणतो ते त्यासाठी, बिल करायला उशीर होतोय म्हणून नव्हे.

ताप येईल. डांग्या खोकल्याच्या लसीनंतर तो पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. गोवराच्या लसीचा ताप मात्र फसवा आहे, तो ७ ते १२ दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळ घेऊन, आणि तोवर घरात सगळे लस विसरलेले असतात. पॅरासिटामॉल ताप आल्यावर, मुलाच्या वजनाच्या हिशेबाने द्यावं. ताप येऊ नये म्हणून आधीच देऊन ठेवू नये. २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, असं आधी औषध दिलेल्या बाळांमध्ये काही लसींना मिळालेला प्रतिसाद कमी दिसला होता.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे, पूर्वी एवढ्या लसी नव्हत्या. गोवराची लस १९६३ साली आली. तिचा सर्रास वापर सुरू होण्याआधी जगभरात गोवराने वर्षाला अंदाजे २६ लाख बळी जात. देवीवरची एडवर्ड जेन्नरची लस १७९६ सालची, आणि देवी जगातून गेल्याची घोषणा १९८० साली झाली, म्हणजे मधली १८४ वर्षं लस असूनही माणसं मरत होती, कारण ती सगळ्यांपर्यंत पोहोचत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ साली बालकांसाठी विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला. त्यानंतरच्या ५० वर्षांत लसींनी सुमारे १५ कोटी ४० लाख जीव वाचवले असा अंदाज २०२४ साली मांडला गेला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा एकट्या गोवराच्या लसीचा आहे. सासूबाईंना एवढंच विचारा, की त्यांच्या आईला किंवा आजीला मुलं किती झाली आणि जगली किती. हा प्रश्न मी दवाखान्यात अनेक आज्यांना विचारला आहे. उत्तर देताना त्या बोटं मोजतात, आणि मग विषय त्याच पुढे नेतात.

गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने ऑटिझम होतो ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण शेजारून कुणीतरी घालून देईलच. तिचं मूळ १९९८ सालच्या एका लेखात आहे, बारा मुलांवरच्या. तो लेख २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला आणि लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा मागोवा घेतला गेला, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला, त्यात संबंध आढळला नाही. ऑटिझमची लक्षणं आईबापांच्या नजरेत भरू लागतात ते वय आणि या लसीचं वय एकच आहे, घोटाळा तिथे होतो.

इथपर्यंत लसी झाल्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मला जास्त वेळ द्यायचा आहे, कारण बहुतेक घरांत गळती होते ती तिथे.

दीड वर्षापर्यंत मूल दर दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडे येतं. सुई असते म्हणून येतं. पाचव्या वर्षाचा बूस्टर झाला की कार्ड कपाटात जातं आणि मूल गायब. मग ते दिसतं फक्त ताप-खोकल्याला. त्या वेळी ते रडवेलं, आई घायकुतीला आलेली, बाहेर रांग. अशा वेळी कुणी उंची मोजत नाही. मीही मोजत नव्हतो.

ही चूक माझी, म्हणून सांगतो. एक मुलगी पाचव्या वर्षी बूस्टरला आली तेव्हा उंची १०७ सेंटीमीटर. नंतरच्या दोन वर्षांत ती माझ्याकडे निदान चार वेळा आली, दर वेळी सर्दी-खोकला, दर वेळी घसा-कान-छाती बघून मी औषध लिहिलं. सातव्या वर्षी शाळेतल्या खेळाच्या फॉर्मवर सही हवी म्हणून आली. फॉर्मवर उंचीचा रकाना होता, म्हणून तिला पट्टीखाली उभं केलं. ११० सेंटीमीटर. दोन वर्षांत तीन सेंटीमीटर. या वयात वर्षाला ५ ते ६ वाढायला हवी, ४ च्या खाली गेली की कान टवकारावेत. आजी म्हणाल्या, ‘आमच्या घरात सगळे ठेंगणेच.’ ठेंगणं असणं वेगळं आणि वाढ थांबणं वेगळं. ठेंगण्या घरातलं मूलही आपल्या रेषेवर चढत राहतं. रक्त तपासलं, थायरॉइड जवळजवळ बंद पडलेलं होतं. आई मग आठवून सांगायला लागली: हल्ली फार झोपाळू झाली होती, बद्धकोष्ठ होतं, केस कोरडे पडले होते. रोजची एक गोळी सुरू झाली आणि पुढच्या वर्षभरात पोरगी ११ सेंटीमीटर वाढली. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात कुणीही, कशासाठीही येवो, आधी पट्टीखाली उभं राहतं, मग खुर्चीत बसतं.

वार्षिक तपासणीचा गाभा हा एवढाच. एका दिवसाची उंची, एका दिवसाचं वजन यांना फारसा अर्थ नाही. दोन बिंदू असले की रेघ होते, तीन असले की तिची दिशा दिसते. तान्ह्या बाळाचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं, ही ढोबळ मोजमापं आईला पाठ असतात. पाचव्या वर्षानंतरची कुणालाच नसतात, म्हणून वाढीचा तक्ता हवा. अनेकांना वाटतं की तक्त्यावर मूल पन्नासाव्या रेषेवर, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांत बरोबर मध्यावर, असलं पाहिजे. दहाव्या रेषेवर निवांत चालणारं मूल ठणठणीत असू शकतं. पंचाहत्तरावरून पंचविसावर घसरलेल्या मुलाचं वजन मात्र ‘नॉर्मल’ दिसत असूनही मला झोप येत नाही. हेच उलट दिशेलाही: वजनाची रेघ उंचीच्या रेघेला मागे टाकून वर निघाली की मूल लठ्ठपणाकडे चाललंय हे दोन वर्षं आधी कळतं.

डोळ्यांचंही असंच. चार वर्षांच्या एका मुलाचा डावा डोळा मी तळहाताने झाकला, तो भिंतीवरची चित्रं भराभर ओळखत गेला. उजवा झाकला तर माझा हात धरून खाली ओढायला लागला. पुन्हा झाकला, पुन्हा ओढला. शेवटी चिडून म्हणाला, ‘काका, दिसत नाहीये ना!’ त्याचा डावा डोळा जवळजवळ कामच करत नव्हता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण एका डोळ्याने मूल पळतं, चेंडू झेलतं, टीव्ही बघतं, सगळं करतं. अशा आळशी डोळ्यावरचा, म्हणजे मेंदूने वापरायचं सोडलेल्या डोळ्यावरचा उपाय सातव्या-आठव्या वर्षापर्यंत नीट लागू पडतो, पुढे मेंदू हट्टी होत जातो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्यावर या मुलाचं भागलं. दहाव्या वर्षी आला असता तर मला हळहळण्यापलीकडे फारसं काही करता आलं नसतं. तुमच्या मुलीची ही तपासणी झाली नसेल तर लसीच्या भेटीतच करून घ्या.

बाकीचं भराभर सांगतो. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात ऐकण्याची चाचणी, शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू. बाळाच्या खुब्याचे सांधे. मुलग्याचं वृषण सहा महिन्यांपर्यंत खाली उतरलं नाही तर सर्जनकडे. १८ आणि २४ महिन्यांना संवाद, नजरेला नजर, बोटाने दाखवणं हे सगळं ठरलेल्या प्रश्नावलीने तपासणं. पहिल्या वाढदिवसाच्या आत दातांच्या डॉक्टरांची एक भेट. तिसऱ्या वर्षापासून रक्तदाब, आणि तो मुलाच्या दंडाच्या मापाच्या पट्ट्यानेच. पट्टा लहान पडला तर आकडा उगाच वाढतो आणि घरभर धावपळ होते.

आता १२ वर्षांचा मुलगा. त्याच्या वयाच्या लसी तीन प्रकारच्या. डांग्या खोकल्याविरुद्धची शक्ती लहानपणीच्या डोसांनंतर ओसरत जाते, म्हणून या वयात धनुर्वात-घटसर्पासोबत तिचाही बूस्टर देतात. मेनिंगोकोकल मेंदूज्वराची लस काही देशांत सगळ्यांना, काही ठिकाणी फक्त जोखीम असलेल्यांना. आणि तिसरी एचपीव्हीची, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूवरची, जिच्याबद्दल मुलाच्या आया हटकून म्हणतात, ‘ती तर मुलींची ना?’ गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी या विषाणूमुळे होतो. हे शोधणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. पण हाच विषाणू पुरुषांमध्ये घशाचा आणि गुदद्वाराचा कर्करोग करतो, म्हणून बऱ्याच देशांत मुलग्यांनाही लस देतात. ९ ते १४ हे वय एवढ्यासाठी, की विषाणूशी गाठ पडण्याच्या बऱ्याच आधी संरक्षण तयार असावं, शिवाय या वयात एक-दोन डोस पुरतात. ‘इतक्या लहानपणी लस दिली म्हणजे मुलांना मोकळीक दिली’ असं एका काकूंनी मला सुनावलं होतं. धनुर्वाताची लस घेऊन कुणी खिळ्यांवर नाचायला जात नाही, असं मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत, पण मुलीला घेऊन आल्या. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्यात पसरलेल्या गर्भाशयमुख कर्करोगाची एकही केस आढळली नाही. हे २०२४ साली प्रसिद्ध झालं.

एक व्यवहाराची गोष्ट. सुई टोचल्यावर चक्कर येऊन पडतात ती तान्ही बाळं नव्हेत, हे उंचेपुरे दादाच. ‘मला काय होतंय’ म्हणत उठतात आणि दारात कोसळतात. डोक्याला लागतं ते लसीमुळे नाही, फरशीमुळे. पंधरा मिनिटं बसवून ठेवा, मोबाइल हातात असला तरी चालेल.

या वयात मी पालकांना दहा मिनिटं बाहेर बसायला सांगतो. काहींना राग येतो. पण आईसमोर ‘झोप लागते का’ विचारलं तर ‘हो’ येतं आणि आई बाहेर गेल्यावर तोच मुलगा पंख्याकडे बघत सांगतो की तीन-तीन वाजेपर्यंत जागा असतो, शाळेत जावंसं वाटत नाही. मी त्याला आधीच सांगून ठेवतो, की तू सांगशील ते तुझ्या-माझ्यात राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही. याच दहा मिनिटांत सिगारेट, दारू, छळणारी मुलं, शरीरातल्या बदलांची लाज, सगळं निघतं. त्याच्या वयात येण्याचीही नोंद घ्यावी लागते. मुलीत ८ च्या आधी आणि मुलग्यात ९ च्या आधी बदल दिसू लागले, किंवा मुलीत १३ आणि मुलग्यात १४ उलटूनही काहीच दिसलं नाही, तर तपास हवा. खेळात असेल तर मी दोन प्रश्न हमखास विचारतो: पळताना कधी शुद्ध हरपली होती का, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का. यातलं एक जरी ‘हो’ आलं तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय खेळाच्या फॉर्मवर मी सही करत नाही.

येताना मुलीचं लसीकरण कार्ड आणा. सापडत नसेल तर जिथे डोस दिले तिथल्या नोंदी मागा. ‘बहुतेक दिला होता’ हे आम्ही धरत नाही, लेखी नसलेला डोस दिलाच नाही असं समजून पुन्हा देतो. एखादा जास्तीचा पडला तरी दंड सुजण्यापलीकडे सहसा काही होत नाही. मुलाची जुनी उंची-वजनं शाळेच्या नोंदीत असतील, ती उतरवून घ्या. आणि घरातल्या एखाद्या भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने त्याच्या उंचीच्या रेघा मारलेल्या असतील, तर टेपने मोजून तारखांसकट कागदावर लिहून आणा. माझ्या तक्त्यावर ते सगळे बिंदू चढतात.